व्हई जाई ना भो!

जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही कॉलनीत एक ओपन स्पेस असते. नकाशात ती बगिच्यासाठी राखलेली असते. प्रत्यक्षात तिथे एक देऊळ, पत्र्याचं शेड, गंजलेली घसरगुंडी आणि एक नाना असतात. नावं बदलतात. महाबळला ते भाऊ असतील, पिंप्राळ्यात बापू, देवपुरात आप्पा. आपण नाना म्हणू.

भाद्रपदी पौर्णिमा आली की नानांच्या अंगात येतं. पितृपक्षात लोक नवी खरेदी टाळतात, नाना मात्र नवीन पावतीपुस्तक छापून घेतात. पुढचे अडीच-तीन महिने त्यांचा हंगाम असतो : भुलाबाई, नवरात्र, दसरा, कोजागिरी, दिवाळी, कार्तिकीचा रथ, चंपाषष्ठीचं भरीत आणि दत्तजयंती. प्रत्येक निमंत्रणावर ‘सहकुटुंब सहपरिवार’ हे शब्द नाना स्वतः तपासून घेतात. एकटा आलेला माणूस त्यांना संशयास्पद वाटतो.

नाना एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. गाडी कुठे चालली आहे हे त्यांनी आयुष्यभर माईकवरून सांगितलं आणि ती कधी सुटणार हे कधीच सांगितलं नाही. कार्यक्रमांतही तोच शिरस्ता. सहा म्हणजे साडेसात. “हिरवा सदरा घातलेला, सतत रडणारा चार वर्षांचा मुलगा सापडला आहे, पालकांनी स्टेजजवळ संपर्क साधावा,” ही घोषणा दरवर्षी होते आणि तो मुलगा बहुधा नानांचाच नातू निघतो. मूळ गाव पारोळ्याकडचं, म्हणून घरात अहिराणी. कॉलनीत यावल-रावेरकडची लेवा बोलीवाली मंडळी निम्मी, म्हणून बाहेर शुद्ध मराठी. मंडपवाला फिरकला नाही, दूध नासलं, पाहुणा आलाच नाही, असं काही झालं की शुद्ध मराठी गळून पडते. मग नाना छातीवर हात ठेवून म्हणतात, “व्हई जाई ना भो!” गंमत म्हणजे बहुतेक वेळा व्हई जातंच.

नानांना हसणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गावात सण कोणी आयोजित करत नाही. होळीला लाकूड कोण देणार, पोळ्याला पहिला बैल कोणाचा, देवीचा दिवा कोण धरणार, हे आजोबांच्या आजोबांनी ठरवून ठेवलेलं असतं. कॉलनीत चोपड्याचा शिक्षक, अमळनेरचा वकील, साक्रीचा तलाठी आणि भुसावळचा रेल्वेवाला एका रांगेत राहतात. मान कोणाचाच नाही, म्हणून कामही कोणाचंच नाही. ही मोकळी जागा नानांनी हेरली.

हंगाम उघडतो भुलाबाईनं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भिल्ल रूपातल्या शंकर-पार्वतीच्या मातीच्या मूर्ती मांडायच्या, मुलींनी टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणायची आणि शेवटी डबा वाजवून आतला खाऊ ओळखायचा. याला ना माईक लागतो, ना अध्यक्ष. जळगावात केशवस्मृती प्रतिष्ठानचा भुलाबाई महोत्सव होतो, शाळाशाळांचे गट रंगमंचावर येतात, आणि ज्या मुलींच्या आयांनाही ही गाणी येत नव्हती त्या ती पाठ करतात. तो पाहून नाना भारावले आणि घरी येऊन त्यांनी गुणपत्रिका आखली. वेशभूषा १० गुण, ताल १०, पाठांतर १०, शिस्त २०. परीक्षक म्हणून कॉलनीतल्या तीन ज्येष्ठ महिला नेमल्या, तिघीही सासवा. भुलाबाईच्या गाण्यांत सासरची उणीदुणी काढलेली असतात, हे नानांच्या लक्षात निकालानंतर आलं. सगळ्यांत ठसक्यात म्हटलेलं गाणं शेवटून पहिलं आलं होतं.

खाऊ ओळखण्याचा मान नानांनी स्वतःकडे घेतला आहे, म्हणजे डबा माईकसमोर ते हलवतात. “ओळखा!” शेड दणाणतं : “शेव!” खान्देशात पहिला अंदाज शेवेचाच असतो, आणि दहापैकी आठ वेळा डब्यातही तीच असते.

दसऱ्याला जळगावात आपट्याच्या पानांचं सोनं वाटताना एक गोष्ट पाहण्यासारखी असते. इथल्या सराफ बाजाराचं नाव लांबवर आहे. तोळ्यामागे कस किती, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं. आणि तीच माणसं दसऱ्याला आपटा म्हणून विकली जाणारी कांचनाची पानं हसत हसत घेतात, एकही जण हॉलमार्क विचारत नाही.

मेहरूण तलावाच्या काठी रावणदहनाला मोठी गर्दी लोटते. तिथून परतताना पोरं खांद्यावर झोपतात आणि मोटारसायकली गर्दीत अडकतात. म्हणून एका वर्षी नानांनी कॉलनीचा स्वतंत्र रावण काढला. बांबू, कागद, गोणपाट आणि आत सुतळी बॉम्ब. ऐन दुपारी परतीचा पाऊस आला. कपाशी भिजली म्हणून शेतकरी हळहळले, रावण भिजला म्हणून नाना. संध्याकाळी बाटलीभर डिझेलवर नऊ डोकी कशीबशी पेटली, दहावं शेवटपर्यंत हसत राहिलं. दुसऱ्या दिवशी ते घेऊन नाना घंटागाडीपाशी गेले. गाडीवाल्यानं नियमाला धरून विचारलं, “ओला का सुका?” त्या डोक्याचा मुक्काम पुढे दिवाळीपर्यंत शेडमध्ये होता, आणि संध्याकाळी अभ्यासाला बसवायला आयांना त्याचा फार उपयोग झाला.

नानांना एकच तोडीचा माणूस भेटला आहे. तो धुळ्यात, देवपूरला राहतो आणि दुर्दैवानं त्यांचा साडू आहे. हे आप्पा निवृत्त शिक्षक. पांझरेकाठच्या एकवीरा देवीच्या नवरात्राचं स्वयंसेवकपण त्यांनी तरुणपणापासून केलेलं, त्यामुळे गर्दी म्हणजे काय हे नानांनी आपल्याला शिकवू नये असं त्यांचं मत. धुळ्यात दसऱ्याच्या पाठोपाठ बालाजीचा रथ निघतो. जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा. दोघे साडू दिवाळीत समोरासमोर बसले की दोन्ही रथ फराळाच्या ताटांवरून फिरू लागतात. नाना म्हणतात, आमचा १८७२ चा, अप्पा महाराजांनी सुरू केलेला. आप्पा म्हणतात, आमच्याकडे गल्ल्यांना नुसते नंबर आहेत, तरी देव चुकत नाही. दोघांच्या बायकांचं माहेर शिरपूर. तिथेही बालाजीचा रथ आहे, पण त्या दोघी काही बोलत नाहीत, चकल्या तळत राहतात.

कोजागिरी ही नानांची खरी परीक्षा. हिशेब सोपा : दीडशे माणसं, माणशी २०० मिली, म्हणजे ३० लिटर दूध. पण कॉलनीत “मी आणि मिसेस” असं लिहून देणारा माणूस गावाकडून आलेल्या सहा पाहुण्यांसह येतो. मग नाना पातेल्यात पाणी ओततात आणि केशराऐवजी घोषणा वाढवतात. खरा पेच वेळेचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत, रात्री दहानंतर भोंगा बंद. राज्य सरकारला वर्षातले फार तर १५ दिवस बारापर्यंत सवलत देता येते, आणि ते दिवस कोणते याचं पत्रक नाना खिशात घडी घालून बाळगतात. पण चंद्राला पत्रक लागू नाही. तो मध्यरात्रीच डोक्यावर येणार आणि दूध त्याच्याखालीच ठेवायचं. नानांनी तोडगा काढला. दहाच्या ठोक्याला ते माईक बंद करतात आणि उरलेलं भाषण तसंच करतात. नुसत्या आवाजात ते दोन कॉलन्या पलीकडे ऐकू जातं. नियम माईकचा आहे, नानांचा नाही.

भाषणांबद्दल बोलायलाच हवं. कार्यक्रम मुलांचा, पण स्वागत नगरसेवकाचं, प्रास्ताविक नानांचं, सत्कार दहावीतल्या गुणवंतांचा, मग दूध देणाऱ्याचा, मंडपवाल्याचा, गेल्या वर्षी राहून गेलेल्यांचा. जळगाव आणि धुळे दोन्ही नगरपालिका २००३ साली महापालिका झाल्या आणि तेव्हापासून शालींचा खप वाढला, असं एक दुकानदार खासगीत सांगतो. या सगळ्यातून फट सापडली की तीन-चार पोरं पटकन नाचून घेतात. त्यांना सवय झाली आहे. एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं की, कोजागिरीला आपण शाल, श्रीफळ आणि दूध घेतो.

दिवाळीतल्या किल्ल्यांच्या स्पर्धेत मात्र नाना खरोखर चांगलं काम करतात. कॉलनीत सगळे रायगड करतात. दरवर्षी अकरा रायगड आणि त्यांवर प्लॅस्टिकचे मावळे, काहींच्या हातात बंदुकासुद्धा. नानांनी अट घातली, किल्ला खान्देशातला पाहिजे. पोरं गोंधळली, आई-बाप त्याहून जास्त. मग शोध सुरू झाला. मुंबई-आग्रा रस्त्यावर धुळ्याजवळचा लळिंग, फारुकी राजांच्या इतिहासाचा. सोनगीर. थाळनेर, तापीच्या काठचा. नानांच्या स्वतःच्या पारोळ्याचा भुईकोट. आप्पांच्या नातीनं लळिंग केला आणि शेजारी कुरणात लांडोर बंगला मांडला, पुठ्ठ्याचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजी तिथे थांबले होते, हे चिठ्ठीवर लिहिलं. बक्षीस तिलाच द्यावं लागलं. साडूच्या नातीला टिफिनचा डबा देताना नानांचा चेहरा पाहण्यासारखा होता, पण दिला.

आणि मग येते कार्तिकी एकादशी. त्या दिवशी नाना नुसते प्रेक्षक असतात, आणि हे त्यांना झेपत नाही. जुन्या जळगावातल्या श्रीराम मंदिरापासून रथ निघतो. झेंडूनं मढवलेला तो लाकडी डोलारा अरुंद गल्ल्यांतून दिवसभर फिरतो. भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या दर्ग्यापाशी तो थांबतो, चादर चढते, मग पुढे जातो. हे पत्रिकेत छापावं लागत नाही. रथाला ना ब्रेक, ना स्टिअरिंग. चाकाखाली लाकडाची मोगरी सरकवून त्याला वळवायचं आणि थांबवायचं, आणि ते करणारी माणसं वाकलेलीच असतात, त्यांचं तोंड कोणाला दिसत नाही. नाना नातवाला खांद्यावर घेऊन हे सगळं बघतात. दरवर्षी त्यांचा एकच आक्षेप : दीडशे वर्षं उलटून गेली, एकदाही प्रास्ताविक नाही. एकदा तर त्यांनी मोगरी लावणाऱ्यांचा सत्कार करायचं ठरवलं. शाल घेऊन पोचले, तोवर रथ पुढच्या वळणावर गेला होता. शाल घेऊन नाना मागे मागे, नातू खांद्यावर. ती शाल पुढे मंडपवाल्याला मिळाली.

मार्गशीर्ष लागला की मोसम भरताचा. चातुर्मासात वांगं सोडलेली मंडळी चंपाषष्ठीला व्याजासकट वसूल करतात. वांगी बामणोदची, मोठी, हिरवट-पांढरी. भाजायची कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, गॅसवर भाजणाऱ्याशी नाना बोलत नाहीत. लाकडी बडगीत ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेल. सोबत पुरी किंवा कळण्याची भाकरी, केळीच्या पानावर. या एका कार्यक्रमाला भाषण नसतं, कारण मिरची ठेचणाऱ्या बायकांनी पहिल्याच वर्षी नानांना धुराच्या बाजूला बसवलं. आप्पा धुळ्याहून मफलर बांधून येतात आणि कृषी महाविद्यालयातल्या नोंदीप्रमाणे आज किमान तापमान किती होतं ते सांगतात. जळगावचा पारा दोन अंशांनी जास्त असला तर ते नानांना अपयश म्हणून ऐकवतात.

शेवटचा कार्यक्रम दत्तजयंतीला सारंगखेड्याची सहल. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार. पोरं एस.टी.च्या खास गाडीत गातात, नाना पुढच्या सीटवरून प्रत्येक थांब्याची घोषणा करतात. यंदा पोरांना पाळण्यात बसवून नाना घोडेबाजारात शिरले, आप्पा पाठोपाठ. पुढच्या दसऱ्याला राम घोड्यावरून आणायचा, असा विचार नानांच्या डोक्यात आला होता.

“राम रथात होता,” आप्पा म्हणाले. “लढाईच्या वेळी तरी.”

“रथ आमच्याकडे आहे ना, १८७२ पासून. घोडा नाही.”

व्यापाऱ्यानं दोघांकडे पाहिलं. घोडा नाचणारा पाहिजे का साधा, असं त्यानं विचारलं. नानांनी आधी साध्याचा भाव विचारला, मग नाचणाऱ्याचा, आणि मग आप्पांकडे वळून, पावतीपुस्तक पिशवीत आहे का ते.