कार्टूनला संमतिपत्र लागत नाही

दहावीचा निकाल लागला की पेढ्यांच्या आधी घरात ॲनिमेशन शिरतं. फॅमिली ग्रुपवर आत्या टाकते, ‘बघा, किती छान समजावलंय!’ दीड मिनिटाच्या व्हिडिओत एक मुलगा चौकात उभा. डोक्यावर प्रश्नचिन्ह. रस्ते चार, त्यातला क्लासच्या लोगोकडे जाणारा तेवढा डांबरी. मुलाने त्यावर पाऊल ठेवलं की अंगावर पांढरा कोट चढतो. मधली अकरावी-बारावी, मेसची आमटी, फीचे हप्ते, सगळं दोन दृश्यांच्या सांध्यात गुडूप.

पूर्वी बिचाऱ्या क्लासवाल्यांना फ्लेक्सवर खरी मुलं लागायची. एकच टॉपर तीन-तीन क्लासांचा ‘आमचा विद्यार्थी’ निघायचा. मग नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवड झाल्यावर मुलाची लेखी संमती घ्या, मगच नाव-फोटो छापा; त्याने नेमका कोणता कोर्स केला तेही सांगा; यशाची हमी देऊ नका. कार्टूनच्या मुलाला यातलं काहीच लागू नाही. संमती मागायची कुणाकडे? शिवाय तो उद्या मुलाखतीत ‘मी घरीच अभ्यास केला’ असंही बोलून जात नाही. हमीचं म्हणाल, तर निवेदिका तिचं नावही काढत नाही. फक्त पडद्यावर आई डोळे पुसते, बाबा मिशीत हसतात आणि शेजारचे काका हेव्याने हिरवे होतात.

२०२४च्या नीटला तेवीस लाखांहून जास्त मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. हिशेबाला धरून काढायचं तर चौकात वीस मुलं हवीत आणि कोट एकाला. पण गर्दीचं दृश्य महाग पडतं म्हणे. एकोणीस जणांची तोंडं पाडायची तर ॲनिमेटर जादा पैसे मागतो.

ॲनिमेशनवर आमचा राग नाही. हृदयाच्या झडपा कशा उघडतात-मिटतात, हे फळ्यापेक्षा त्यात दहापट चांगलं कळतं. फक्त जाहिरात झाल्यावर झडपांसाठी बजेट उरत नाही, त्या अजून खडूनेच उघडतात.

आत्याच्या व्हिडिओवरून एक गृहस्थ प्रवेश घ्यायला गेले. काउन्सेलर ताईंनी चहा दिला, व्हिडिओ पुन्हा दाखवला, अर्ज पुढे केला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात रिपीटर बॅचचा रकाना होता. आत्ताच नाव घातलं, तर फीत सवलत.