विश्व विद्यापीठ खेळ वसई-विरारलाच द्या!

2030 चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला गेल्यापासून विरारच्या पूर्वेला आणि पश्चिमेला सारखीच हळहळ आहे. अहमदाबाद महामार्ग आमच्या दारातून जातो, त्यावरची कोंडी आम्ही सोसतो, आणि खेळ मात्र त्या टोकाला! हा अन्याय दूर करण्याचा एकच मार्ग दिसतो. जगभरच्या विद्यापीठांतली पोरं दर दोन वर्षांनी जिथे भिडतात, ते विश्व विद्यापीठ खेळ वसई-विरारला मिळाले पाहिजेत. 1959 साली तुरिनला सुरू झालेल्या या खेळांच्या महासंघाचं कार्यालय स्वित्झर्लंडमध्ये लोझानला आहे. तिथले निरीक्षक पाहणीला येतील, तेव्हा त्यांना सुकेळी चारून जिंकता येईल. बाकीच्या तयारीचं म्हणाल, तर ती झालेलीच आहे.

स्टेडियम कुठे आहे, असं विचारणाऱ्यांनी जर्मनीकडे बघावं. 2025 चे खेळ राइन-रूर भागात झाले. एसेन, बोखुम, ड्युइसबर्ग अशा शेजारच्या शहरांनी ते वाटून घेतले, काही थेट बर्लिनला नेले आणि नवं स्टेडियम एकही बांधलं नाही. शेजारशेजारची शहरं आमच्याकडेही आहेत. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा 2009 साली एका महापालिकेत घातल्या. त्या अजून एकमेकींकडे नव्या जावेसारख्या बघतात, एवढाच फरक. बांधायची वेळ आलीच, तर परवानगीचा प्रश्न येईल. पण परवानगीवाचून बांधकाम अडलंय, असं आमच्याकडे कधी झालंय? कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या नालासोपाऱ्याच्या जागेवर 41 इमारती उभ्या राहिल्या, लोक राहायलाही आले. आयतं क्रीडाग्राम! न्यायालयाच्या आदेशाने 2025 मध्ये त्या पाडल्या गेल्या आणि आपण संधी घालवली. ज्यांची आयुष्यभराची पुंजी त्यात गेली, त्यांना हा विनोद कळणार नाही. त्यांनी तो कळून घेऊही नये.

जलतरणाचा तर खर्चच नाही. हे खेळ सहसा जुलै-ऑगस्टमध्ये होतात आणि तेव्हा आमच्याकडे निम्मं शहर तलाव असतं. 10 जुलै 2018 ला नालासोपाऱ्याचे रूळ असे बुडाले की लांब पल्ल्याची गाडी प्रवाशांसकट अडकून पडली. तेच पाणी उन्हाळ्यात टँकरने येतं, हा आमच्या शहराचा स्वतःचा जलविज्ञानाचा अभ्यासक्रम आहे.

खरी तयारी मात्र समितीत असते. अशा समितीची पहिली बैठक डोळ्यांसमोर आणा. कार्यक्रमपत्रिकेवर विषय एकच, 'स्पर्धेचे नियोजन'. पहिला तास स्वागताध्यक्ष कोण यावर. दुसरा तास बॅनरवर: वर कोणाचे फोटो, खाली कोणाचे, आणि खालच्या रांगेत कोणाचा चेहरा कोणाच्या खांद्याआड जातो. मग सत्काराच्या शाली. शाली किती लागतील याचा आकडा एकमताने ठरतो, कारण तो आकडा सगळ्यांना पाठ असतो. नाश्त्याची कुपनं छापायला टाकली जातात. शेवटी कोपऱ्यातला एक क्रीडाशिक्षक भीतभीत विचारतो, "साहेब, खेळाडूंच्या नावांचे फॉर्म?" त्यावर अध्यक्ष म्हणतात, "ते बघू हो, एंट्रीचं काय, शेवटच्या दिवशी भरता येते."

इथे हसणं थांबवायला हवं, कारण हे खरोखर घडलेलं आहे. फक्त ते विरारला घडलं नाही, जर्मनीत घडलं. राइन-रूरला गेलेल्या भारताच्या बॅडमिंटन संघात बारा खेळाडू होते. संघव्यवस्थापकांच्या बैठकीत नावं द्यायची होती, ती नीट दिली गेली सहाच. उरलेल्या सहा जणांनी विमानप्रवास केला, देशाचा गणवेश घातला आणि रॅकेट पिशवीतच ठेवून सामने बघितले. अर्ध्या संघाने मिश्र सांघिक कांस्यपदक आणलं. पाठोपाठ भारतीय विद्यापीठांच्या संघटनेने एका संयुक्त सचिवाला निलंबित केलं आणि चौकशी समिती नेमली. समितीचा उपाय समिती, हे औषध आपल्या देशात कुठल्याही दुकानात चिठ्ठीवाचून मिळतं.

आमच्या पोरांना याचं नवल वाटणार नाही. या खेळांत उतरायचं तर वय 18 ते 25 हवं आणि आपण विद्यार्थी आहोत, किंवा नुकतेच झालो होतो, याचा कागद हवा. कागद म्हटला की वसईच्या पोराला मुंबई विद्यापीठाचं कालिना आठवतं. 2017 मध्ये या विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्‌महिने लांबले. शेवटी कुलगुरूंनाच पद सोडावं लागलं. त्या काळात आपण पास की नापास हेच ज्याला ठाऊक नव्हतं, तो लोझानला कसला पुरावा देणार? एरवी बोनाफाईड हवं असेल, तर खिडकीवर जेवणाची सुट्टी असते, सुट्टी संपली की सही करणारे मीटिंगला असतात, आणि मीटिंग कसली, तर क्रीडादिनाच्या सत्काराची.

लांबवण्याच्या कलेत आपण एकटे नाही. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्याला मिळाल्या आणि इतक्या वेळा पुढे गेल्या की गोव्याच्या वाट्याच्या छत्तिसाव्या 2022 मध्ये गुजरातने उरकून घेतल्या. गोव्यात 2023 ला झाल्या त्या सदतिसाव्या.

गंमत अशी की आमच्याच गावात हे काम नीट करणारी माणसं आहेत. वसईच्या चिमाजी अप्पा मैदानावर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तालुक्याचा कला-क्रीडा महोत्सव तीस वर्षांहून अधिक काळ भरतोय. हजारो पोरापोरींची नावं याद्यांत चढतात. 2011 पासून मॅरेथॉनही होते. ही स्पर्धाही सत्कारांपासून सुटलेली नाही, पण ज्याने नाव दिलं त्याच्या छातीवर नंबर लागतो आणि तो धावतो. बेचाळीस किलोमीटर, तेही आमच्या रस्त्यांवरून! याद्या लिहिणाऱ्या या शिक्षकांना आणि स्वयंसेवकांना बॅनरवर जागा नसते. आंतरराष्ट्रीय समितीत तर त्यांचं नावही कोणी सुचवणार नाही. त्यांना फक्त यादी करता येते, भाषण करता येत नाही.

पुढचे विश्व विद्यापीठ खेळ ऑगस्ट 2027 मध्ये दक्षिण कोरियातल्या चुंगचेओंगला आहेत. आमचा यजमानपदाचा प्रस्ताव सावकाश टपालाने गेला तरी चालेल. पण तिथे जाणाऱ्या भारतीय संघाबरोबर कोण पदाधिकारी जाणार हे ठरवताना आमच्या मैदानावरचा एखादा यादीवाला मास्तर सोबत न्या. शाल नाही दिली तरी चालेल, पेन तेवढं द्या.