पावडरीचा पंचनामा

मुलांशी अमली पदार्थांविषयी मोकळेपणानं बोलत चला, असं बाईंनी पालकसभेत सांगितल्यावर ज्या बापानं सगळ्यांत जोरात मान हलवली, तो मी. मोकळेपणा हा खरं तर आमच्या घराण्याचा गुण नव्हे. माझे वडील माझ्याशी जे काही बोलले ते मुख्यतः प्रगतिपुस्तकावर सही करताना. त्यातून या विषयातलं माझं ज्ञान कॉलेजात वाचलेल्या अनिल अवचटांच्या 'गर्द'वर येऊन थांबलेलं. अवचट पतिपत्नींनी पु. लं.च्या मदतीनं १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, त्या काळी पोरं चांदीवर ब्राउन शुगर तापवून धूर ओढत, एवढं मला पक्कं ठाऊक. त्यामुळे स्वयंपाकघरातली फॉइलची गुंडाळी भराभर संपतेय हे ध्यानात आल्यावर मी चिरंजिवांच्या बोटांचे वास घेत हिंडलो, बाहुल्या तपासायला भर जेवणात त्यांच्या डोळ्यांत टॉर्च मारला आणि अखेर हिला विश्वासात घेतलं.

"अहो, त्यात तुमच्या डब्याच्या पोळ्या गुंडाळते मी."

तरी हटलो नाही. नववीतल्या मुलाचं कपाट उघडायला छाती लागते, ती गोळा करून उघडलं, तर मोज्यांच्या मागे पांढऱ्या भुकटीची पुडी! हिंदी सिनेमातला इन्स्पेक्टर करतो तसं करंगळीनं जिभेवर ठेवलं, डोळे मिटले, काहीच उमजेना म्हणून आणखी चिमूटभर ठेवलं, आणि तेवढ्यात आपली कॅरमची पावडर बाबा का खातोय, असं चिरंजीव आईला विचारताना ऐकू आलं. बोरिक. आमच्याकडे ती कणकेत मळून झुरळांना घालतात.

चुळा भरून झाल्यावर मी मुद्द्यांचा कागद काढला आणि एनडीपीएस कायदा, १९८५, इथून सुरुवात केली. "बाबा, गर्द वर्गात कुणाला माहीतही नाही. व्हेप असतं," असं म्हणून त्यानं मलाच शिकवायला घेतलं: दिसायला पेनड्राइव्ह, वास आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा, २०१९ पासून विक्रीला बंदी आणि तरीही मिळतं, शिवाय व्हाइटनर हुंगणारे वेगळेच. मी कागदाच्या मागच्या बाजूला उतरवून घेतलं. 'तू कधी काही घेतलंस का?' हा माझा राखून ठेवलेला प्रश्नही त्यानंच मला टाकला. हॉस्टेलवर होळीला भांगेची भजी खाऊन, खाट उडून जाईल म्हणून रात्रभर तिचा पाय धरून बसलो होतो, ते सांगितलं. हिला हे नवीन होतं.

"आणि रेंज नाही म्हणून जेवणानंतर गच्चीवर जातोस, ते?"

हिनं माझ्या सदऱ्याच्या खिशातली बडीशेपेची पुडी काढून टेबलावर ठेवली.

त्यानंतर मात्र तो बोलू लागला. बहुधा मी बोलण्याच्या अवस्थेत उरलो नव्हतो म्हणून. त्याचा एक मित्र हल्ली मैदानावर येत नाही, व्हेपसाठी पैसे उसने मागतो. त्याच्या आईला सांगितलं तर ती चुगली होईल का? कागदावर याचं उत्तर दोन्ही बाजूंना नव्हतं. कायदा काढायचा नाही, एवढं मलाही कळलं. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही फुकट हेल्पलाइन आहे, आधी तिथं विचारून घेऊ, असं म्हणून मी फोन उचलला.

"स्पीकरवर टाका," ही म्हणाली. "त्याचं झालं की तुमचंही विचारायचंय."