बिनहिश्श्याचं झाड

दिल्लीकडचा मराठी माणूस निवृत्त झाला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक, पुण्याला फ्लॅट घेणं; दुसरी, पुण्याला तेव्हाच फ्लॅट घ्यायला हवा होता असं म्हणत इथेच राहणं. आप्पांनी तिसरी काढली. फरिदाबादच्या घरापुढच्या हातभर अंगणात त्यांनी सफरचंद लावायचं ठरवलं.

आप्पा मूळचे राजापूरकडचे. तिकडे त्यांची हापूसची कलमं आहेत. म्हणजे सातबाऱ्यावर आहेत, आणि त्याच सातबाऱ्यावर कलमांपेक्षा नावं जास्त आहेत. मे महिन्यात आप्पांच्या वाट्याची पेटी येते ती डागी आंब्यांची, आणि तिच्या मागोमाग चुलतभावाच्या वकिलाचं पत्र. त्यामुळे ज्याच्यावर जगात कुणाचाही हिस्सा नाही असं एक तरी झाड आपल्या दारात असावं, ही त्यांची जुनी इच्छा. कोकणातल्या भाऊबंदांनी ज्याच्यावर हक्क सांगायचा विचारही केला नसेल असं झाड कोणतं, तर सफरचंद.

आता तुम्हीआम्ही रोपवाटिकेत जाऊन रोप आणलं असतं. पण केंद्र सरकारात हयात गेलेल्या माणसाला एखादी गोष्ट नुसती करता येत नाही; आधी ती विचाराधीन व्हावी लागते. आप्पा कृषी भवनात होते. यावरून त्यांना शेतीतलं कळतं असा लोकांचा समज होतो, आणि आप्पा तो मोडत नाहीत. प्रत्यक्षात त्यांच्या टेबलावर प्रवासभत्त्याची बिलं असत. तर त्यांनी फाइल उघडली.

पहिली नोंद रेड डिलिशसची. सॅम्युअल स्टोक्स नावाचा फिलाडेल्फियाचा तरुण शिमल्याजवळच्या कोटगढला स्थायिक झाला, पुढे सत्यानंद झाला, स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगातही गेला. त्याने 1916 च्या सुमारास ही अमेरिकन जात तिथे लावली आणि डोंगराचं अर्थकारण बदललं. आज आझादपूर मंडीत हिमाचली पेट्यांचे डोंगर लागतात त्याचं मूळ तिथे. आप्पांनी हे सगळं दोन पानं लिहिलं आणि खाली शेरा मारला: ‘योग्य नाही.’ कारण थंडी. सफरचंदाला हिवाळ्यात साधारण सात अंशांच्या खालचे तास मोजून लागतात. ते पुरले नाहीत तर कळ्या नीट उमलत नाहीत. जुन्या डोंगरी जातींना असे हजाराच्या आसपास तास हवेत.

फरिदाबादला किती मिळतात? दुसऱ्या कुणी हवामानखात्याला विचारलं असतं. आप्पांनी गच्चीवर थर्मामीटर टांगला आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात, माकडटोपी आणि दोन स्वेटर घालून, रात्री उठून उठून आकडे टिपले. काकू खालून म्हणायच्या, “झाडाचं राहू दे, तुमचे तास भरत आलेत.” बेरीज तीनशेच्या आत आली. आप्पांना खोकला महिनाभर पुरला.

म्हणजे कमी थंडीची जात हवी. अशा जाती आहेत आणि त्यांच्या कथा चांगल्या आहेत. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावचे हरिमन शर्मा यांच्या घरामागे, 1800 फुटांच्या उष्ण टापूत, फेकून दिलेल्या बियांतून एक रोप उगवलं. त्यांनी ते जपलं, त्याची कलमं केली, आणि त्यातून एचआरएमएन-99 ही जात निघाली. ती मैदानात फळते, राष्ट्रपती भवनाच्या बागेतही लागली, आणि शर्मांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. काकूंना ही कथा फार आवडली. “बघा, फाइल न करता झालं,” त्या म्हणाल्या. आप्पांनी त्यानंतर ‘अ‍ॅना’ची शिफारस केली. ती इस्रायलमधल्या एन शेमेर किबुत्झवर अब्बा स्टाइन यांनी तयार केलेली. दोन-तीनशे तासांत भागवणारी. बियांचं फेकाफेकीचं प्रकरण नाही, आईबाप दोन्ही कागदावर.

रोप आलं. रोपवाल्याने ‘काश्मिरी अ‍ॅपल’ अशी चिठ्ठी बांधली होती. आप्पांचा चिठ्ठीवर विश्वास. आयुष्यभर त्यांनी बिलं पाहिली, प्रवास पाहिला नाही. रोपाला काटे फुटले तेव्हा माळी म्हणाला, “बाबूजी, ये तो बेर है.” आप्पांनी त्याला चिठ्ठी दाखवली. पुढच्या हिवाळ्यात झाडाला लालबुंद, टपोरी बोरं लागली. काकूंना आभाळ ठेंगणं झालं. संक्रांतीला सुगडात घालायला आणि पोरांच्या बोरन्हाणाला दिल्लीत बोरं शोधत फिरणाऱ्या सगळ्या मराठी बायका त्या जानेवारीत आप्पांच्या फाटकाशी येऊन गेल्या. बोर तोडायचं नाही, असं काकूंनी जाहीर केलं. ही एकच गोष्ट त्या घरात फाइलवर न येता मंजूर झाली.

खरी अ‍ॅना मग उरलेल्या कोपऱ्यात आली. आणि इथे मात्र आप्पांना मानलं पाहिजे. ऐन जानेवारीत, झोपेतलं रोप लावलं. कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवला. फरिदाबादच्या मातीत लाकूड दिसलं की वाळवी हजर, म्हणून खड्डा आधी उन्हात तापवला. मे महिन्यात लू सुरू झाली तशी खोडाला चुना फासला, बुंध्याशी गवत अंथरलं, पश्चिमेला काकूंची जुनी साडी बांधली. पुढे पोपटांसाठी मच्छरदाणी आली. वानरांसाठी आप्पा स्वतः काठी घेऊन बसत. दुपारी झोपलेली कॉलनी ‘हट्, हट्’ने जागी होई.

दुसऱ्या फेब्रुवारीत झाड फुललं. पांढरी-गुलाबी फुलं, मधमाश्या, काकूंनी काढलेले फोटो. फळं धरली ती मोजून दोन, त्यातलं एक गळलं.

फाइल पुन्हा उघडली. निदान निघालं की सफरचंदाला दुसऱ्या जातीचा पराग लागतो. अ‍ॅना एकटी थोडंफार धरते. भरभरून हवं तर जवळपास तिच्याच वेळी फुलणारं झाड पाहिजे. ते म्हणजे डॉर्सेट गोल्डन, बहामातल्या नासाऊ शहरात मिसेस डॉर्सेट यांच्याकडे सापडलेलं. पण जागा? एका कोपऱ्यात अ‍ॅना, दुसऱ्यात काकूंचं बोर. आप्पा बोराकडे बघत, काकू आप्पांकडे बघत.

तोडगा भिंतीपलीकडून आला. शेजारचे सरदारजी लुधियानाहून येताना गाडीच्या डिकीत डॉर्सेटचं रोप घेऊन आले, कुदळ मारली, रोप खोचलं, पाणी ओतलं, चहा प्यायला गेले. नोंद नाही, तास नाहीत. आप्पांना तो प्रकार बघवला नाही. झाड मात्र वाढलं.

आणि मग एका जूनमध्ये अ‍ॅनाला टोपलीभर सफरचंदं आली. कॉलनी बघायला आली. सरदारजीही आले, हातात स्टीलचं भांडं, आणि हसत म्हणाले, “आप्पाजी, हमारा हिस्सा?”

आप्पांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. राजापूर, चुलतभाऊ, वकील, सगळं त्यावरून सरकलं. एवढी यातायात करून जे झाड निवडलं, त्याला मुळातच शेजाऱ्याचा हिस्सा लागतो, हे कुठल्याच नोंदीत आलं नव्हतं. काकूंनी भांडं भरून दिलं. आप्पांनी आत जाऊन किती गेली ते लिहिलं.

गेल्या वर्षी सरदारजींच्या मुलांनी घर बिल्डरला दिलं. खाली गाड्या, वर चार मजले, प्रत्येकाला एकेक, तिकडेही वाटण्याच. डॉर्सेट पडणार होतं. जानेवारीच्या सकाळी आप्पा स्टूल घेऊन भिंतीवरून त्याच्या काड्या कापताना दिसले, आणि त्याच संध्याकाळी अ‍ॅनाच्या एका फांदीवर त्यांनी त्या बांधल्या. कोकणातल्या हातांना कलम विसरत नाही. मार्चमध्ये तीन काड्यांना पालवी आली. एकाच झाडावर दोन जाती, जागेचा प्रश्न मिटला.

सरदारजी आता भाड्याच्या फ्लॅटमध्ये असतात. रविवारी फोन येतो: “मेरी टहनी कैसी है?” आप्पा फाइल मांडीवर घेऊन पानांची संख्या, कीड, पाणी असा अहवाल देतात. परवा मी ती फाइल चाळली. शेवटच्या पानावर त्यांच्याच अक्षरात: ‘एकूण हिस्सेदार: दोन.’ खाली सही, तारीख.

“आणि बोराचे?” मी विचारलं.

“त्याचं माझ्याकडे नाही,” आप्पा स्वयंपाकघराकडे मान करून म्हणाले, “ते खातं वेगळं.”