मावशी, ते बटण बंद करू नका!

(रंगमंचावर एक खुर्ची, झाडू आणि बादली. पदर खोचलेल्या मावशी येतात. मोबाइल खुर्चीवर ठेवतात.)

बसा, बसा. पण अगदी स्तब्ध बसू नका हं! आमच्या बाणेरच्या घरात स्तब्ध बसलं की अंधार होतो.

पुण्यात मी चार घरची कामं धरलीत. त्यातलं बाणेरचं घर हुशार आहे. माणसंही हुशार आहेत, पण घर जास्त. देवघराच्या भिंतीवर पांढरी डबी बसवलीय. माणूस आला की दिवा लागतो, गेला की विझतो. साहेब म्हणाले, "मावशी, ती अंगाची ऊब ओळखते." पण नुसती ऊब असून चालत नाही, ती हलावी लागते! आजी जपाला बसतात. माळेवर अंगठा तेवढा हलतो, तो काही डबीला दिसत नाही. दोन मिनिटं झाली की अंधार. मग आजी (दोन्ही हात उंचावून) "श्रीराऽऽम!" लागला दिवा. थोड्या वेळानं पुन्हा "श्रीराऽऽम!" पाहुणे बघतात आणि हात जोडतात. म्हणतात, या वयात काय ही तल्लीनता!

दादा बाथरूममध्ये मोबाइल घेऊन बसतो. त्याची तल्लीनता बाहेरून ऐकू येते. (नाक दाबून) "लाइऽऽट!"

फरशीला तर यंत्रच आणलंय. ताटाएवढं, गोल. वहिनी म्हणाल्या, "मावशी, तुमचं केराचं काम गेलं बरं का." म्हटलं, देव पावला. लगेच पुढचं वाक्य, "उद्यापासून नऊच्या ऐवजी आठला या." का? तर नऊला ते झाडायला निघतं, त्याच्याआधी घर आवरलेलं पाहिजे! (भराभर वाकत) खुर्च्या टेबलावर. चार्जरच्या वायरी वर. मोजे उचल. पायपुसणी उचल. गालिच्याच्या झालरी आत दुमड, नाही तर गिळून बसतं. शेवटी साहेबांना म्हणायचं, "पाय वर घ्या." मग ते घुर्रर्र करत निघतं.

बेडरूमच्या दारात काळ्या ग्रॅनाइटची पट्टी आहे. तिथे आलं की थबकतं आणि गर्रकन मागे फिरतं. मला वाटलं, बेडरूममध्ये शिरायला लाजतंय. साहेब म्हणाले, जिन्यावरून पडू नये म्हणून त्याच्या पोटाखाली किरण सोडणारे डोळे आहेत. काळ्या फरशीवरून किरण परत येत नाहीत, त्याला वाटतं पुढे खड्डा आहे. आता पुण्यात राहायचं आणि खड्ड्याला भ्यायचं, कसं व्हायचं?

म्हणजे बेडरूम माझ्याकडेच. दिवाळीत वहिनींनी हॉलमध्ये मोराची रांगोळी काढली, रात्री बारापर्यंत बसून. सकाळी नऊला यंत्र ठरल्या वेळी निघालं. थोड्या वेळानं बघते तर मोर स्वयंपाकघरापर्यंत चालत आलेला!

आणि झाडून झालं की त्याला उताणं करायचं. ब्रशात अडकलेले केस कात्रीनं कापायचे. जाळी झटकायची. डबा रिकामा करायचा. चाकं पुसायची. तीस वर्षं झाडू वापरला, त्याला कधी आंघोळ घालावी लागली नाही.

(खुर्चीत बसतात, लगेच हात हलवतात, वर दिव्याकडे बघतात.)

सवय हो!

लहानपणापासून ऐकलं, खोलीतून निघताना दिवा बंद कर. इथे दिवा बंद केला की तिन्ही खोल्यांतून ओरडा, "मावशी, ते बटण बंद करू नका!" बटण बंद केलं की बल्बला वीजच नाही, मग तो मोबाइलचं ऐकणार कसं? सगळ्या बटणांवर चिकटपट्टी लावलीय. बरं, वायफायही दोन. एक पाचाचं, एक 2.4 चं. पाचाचं पळतं जोरात, पण एक भिंत मध्ये आली की दमतं. 2.4 चं सावकाश चालतं, पण लांबवर पोचतं. बल्ब सगळे त्या सावकाशवाल्यावर. वायफाय गेलं की अख्खं घर चिकटपट्ट्यांकडे बघत बसतं.

एक यंत्र मात्र मला पटलं. गॅस गळला की बोंबलणारं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो, म्हणून ते खाली जमिनीजवळ लावतात. माझ्या दुसऱ्या घरी पाइपचा गॅस आहे. तो हलका, म्हणून तिथे छताजवळ. रात्री सगळे झोपलेले असताना जागं राहणारं कुणीतरी हवंच. फक्त वहिनींनी सेंट फवारला तरी ते बोंबलतं. पार्टीला निघाल्या की अख्ख्या मजल्याला कळतं.

परवा वहिनींची लेक कॉलेजचं काही वाचत होती. म्हणाली, "मावशी, अमेरिकेत रूथ श्वार्ट्झ कोवन नावाच्या बाईंनी 1983 साली पुस्तक लिहिलंय, 'मोअर वर्क फॉर मदर'." म्हणजे आईला आणखी काम! म्हणे पूर्वी नवरा लाकडं फोडायचा, पोरं गालिचे झटकायची, घरात मोलकरीण असायची. यंत्रं आली तसे हे सगळे सुटले. आई तेवढी राहिली. वर कपडे रोज स्वच्छ हवेत, घर रोज चकचकीत हवं. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हटलं, "एवढं जाडं पुस्तक लिहीपर्यंत त्या बाईंच्या घरची भांडी कोण घासत होतं गं?"

(मोबाइल वाजतो. मावशी उचलतात.)

हां साहेब, बोला... यंत्राचा मेसेज आला? डबा भरला?... (प्रेक्षकांना, फोनवर हात ठेवून) यंत्र साहेबांना सांगतं, साहेब मीटिंगमधून मला सांगतात, आणि मी जाऊन डबा ओतते. याला म्हणतात आपोआप!

(फोनवर) हो साहेब, येते. पण ते पगाराचं? केर, फरशी, भांडी झाली, आता यंत्रांची आंघोळ वेगळी धरा... काय? बघू म्हणता? बघा, बघा, सावकाश बघा. तोवर मीही सावकाश. हो, 2.4 वर!

(फोन ठेवतात. झाडू खांद्यावर टाकून ऐटीत, अगदी हळूहळू चालत निघून जातात.)