ए ०९ की के ५२.९?

घरात कोणाचं पोट बिघडलं की आमच्याकडे प्रत्येकाला त्याचं कारण ठाऊक असतं. आई म्हणते बासुंदी बाधली. काकू म्हणतात उष्णता. दादाचा संशय बाहेरच्या पाण्यावर, कारण सोसायटीच्या टाकीचं खातं त्याच्याकडे आहे. एकट्या वहिनीला काहीही ठाऊक नसतं. ती चष्मा सारखा करते आणि विचारते, "डॉक्टरांनी लिहिलंय का तसं?"

वहिनी मेडिकल कोडर. मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलेली. हडपसरच्या एका ऑफिसात बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांचे चार्ट वाचायचे आणि तिथल्या डॉक्टरने जे लिहिलंय त्याला आयसीडीतला, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला, कोड लावायचा. मग तिकडची विमा कंपनी बिलाकडे बघणार. मोबाइल बाहेर लॉकरमध्ये, टेबलावर कागद-पेनसुद्धा नाही. पोट कोणाचं, कुठल्या गावचं, हे ती दादालाही सांगत नाही. घरी आल्यावर "आज आर १९.७ फार होते" एवढंच म्हणते आणि चहाचं आधण ठेवते. आर १९.७ म्हणजे नुसते जुलाब, कारण अज्ञात. आम्ही त्या वेळी भजी खात असतो.

नुसतं 'गॅस्ट्रो' म्हटलेलं तिला खपत नाही. जंतूंपासूनचे आतड्यांचे आजार ए ०० ते ए ०९ या गल्लीत राहतात. पहिलं घर कॉलऱ्याचं, मग टायफॉइड, पुढे अमिबा, ए ०८ ला विषाणू. संसर्ग आहे पण जंतू सापडला नाही, तो ए ०९ मध्ये. संसर्ग नसलेल्यांची वस्तीच वेगळी, के अक्षराची. आणि डॉक्टरने संसर्गाबद्दल चकार शब्द न काढता नुसतं गॅस्ट्रोएन्टरायटिस लिहिलं तर? अमेरिकेच्या आवृत्तीत के ५२.९. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या आवृत्तीच्या पुस्तकात मात्र ए ०९.९. म्हणजे तेच पोट, तेच जुलाब, पुस्तक बदललं की अक्षर बदललं. हे सांगताना वहिनीच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते तिच्या लग्नाच्या अल्बमात एकाही फोटोत नाही.

आमचे फॅमिली डॉक्टर चिठ्ठीवर 'जीई' एवढीच दोन अक्षरं लिहितात. एकदा वहिनी ती चिठ्ठी घेऊन परत आत गेली. "डॉक्टर, इन्फेक्शस की नॉन-इन्फेक्शस?" डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "लघवी होतेय ना? मग ओआरएस पाजा." बाहेर येऊन ती म्हणाली, "क्वेरी टाकली, उत्तर असमाधानकारक."

चुलतबहिणीच्या लग्नानंतर अर्धं वऱ्हाड आडवं झालं तेव्हा तर तिला आवरणं कठीण गेलं. मी बाथरूममध्ये, आणि ही दाराबाहेर उभी. "भावोजी, उलटी आधी की जुलाब आधी?" आतून काय उत्तर देणार! तिकडे काकूंनी केटररला फाशी सुनावली होती. "बहुधा पनीरच," त्या म्हणाल्या. तेव्हा वहिनीने 'बहुधा'चा नियम समजावला. अमेरिकेत ओपीडीच्या कागदावर डॉक्टरने 'बहुधा' लिहिलं तर ते निदान धरायचं नाही, फक्त लक्षणांचा कोड लावायचा. पण पेशंट अॅडमिट झाला आणि घरी सोडताना 'बहुधा' लिहिलं, तर ते झालंच आहे असं समजून कोड द्यायचा. आई गादीवरूनच म्हणाली, "मग मला अॅडमिटच करा. एकदाचं काय ते ठरू दे."

त्या रात्री उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ असं मिश्रण वहिनी सगळ्यांसाठी पुन्हा पुन्हा करत होती. चमचा प्रत्येक वेळी सुरीने सपाट करून. काकूंनी "अगं, अंदाजाने घाल की" म्हटल्यावर तिने सुरी खाली ठेवून त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढची बाटली काकू न कुरकुरता प्यायल्या. पहाटे माझी जीभ बघून "कोरडी आहे, पण डिहायड्रेशन लिहायचा अधिकार मला नाही" असं म्हणत तिने आणखी एक पेला हातात दिला. डिहायड्रेशनचा ई ८६.० वेगळा लावावा लागतो, हेही सांगितलं.

१ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकेने आयसीडीची नववी आवृत्ती सोडून दहावी घेतली. वहिनीला गॅस्ट्रोएन्टरायटिसचा जुना ५५८.९ अजून पाठ आहे. दादाचा मोबाइल नंबर तिला बघून सांगावा लागतो.

परवा तिचंच पोट बिघडलं. आदल्या संध्याकाळी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर पाणीपुरी झाली होती. तिने स्वतःच फोटो पाठवला होता, तोंडात पुरी कोंबलेला. आईने तो तिच्यासमोर धरला. "आता तरी सांग, कशाने झालं?"

वहिनी कुशीवर वळली. "आर १९.७," ती म्हणाली. "फोटोवरून कोड देता येत नाही, आई."