झाकणाचा उमेदवार

नगरसेवकांशिवाय शहर चालतं का, हा प्रयोग महाराष्ट्राने भरपूर वेळ देऊन करून पाहिला. काही महापालिकांची मुदत २०२० मध्येच संपली होती, मुंबई-पुण्यासारख्यांची मार्च २०२२ मध्ये संपली आणि मग १५ जानेवारी २०२६ ला एकदम २९ महापालिकांचं मतदान झालं. मधल्या काळात प्रशासक होते आणि चौकाचौकांत भावी नगरसेवक होते. त्यातले काही इतकी वर्षं भावी राहिले, की फ्लेक्सवर केस काळेभोर आणि फ्लेक्सखाली हात जोडून उभा असलेला माणूस टकला, अशी वेळ आली. रस्त्यांना काही फरक कळला नाही. खड्ड्यांनी मुदतवाढ कोर्टात न जाता मिळवली.

या २९ पैकी आमचं शहर कुठलं, ते सांगत नाही. सांगितलं तर उरलेली २८ शहरं नाराज होतील.

आमच्या गल्लीत ड्रेनेजच्या चेंबरचं एक झाकण आहे. दर खेपेला जुना रस्ता न खरवडता वर डांबराचा नवा थर चढवतात. रस्ता वर जातो, झाकण आहे तिथेच राहतं. आता ते चांगलं वीतभर खाली आहे. पावसाळ्यात ते दिसत नाही. उन्हाळ्यात दिसतं, पण तोवर पुढचं चाक आत गेलेलं असतं. आमच्या सोसायटीचे माजी सेक्रेटरी, ज्यांना लहानथोर सगळे काकाच म्हणतात, ते याच झाकणाच्या मुद्द्यावर अपक्ष उभे राहिले.

आम्ही त्यांना परोपरीने समजावलं. ‘काका, महापालिकेची निवडणूक आहे. तिथे ड्रेनेजबद्दल बोलणार? लोक हसतील.’ काका म्हणाले, ‘मग ड्रेनेजबद्दल लोकसभेत बोलू का?’ या वयात माणूस हट्टी होतो.

मग कागदपत्रं आली. थकबाकी नसल्याचा दाखला हवा, म्हणून काका या खिडकीवरून त्या खिडकीवर हिंडले. घरात शौचालय आहे आणि आपण ते वापरतो, हेही उमेदवाराला लिहून द्यावं लागतं. काकांनी ते सुवाच्य अक्षरात लिहून दिलं आणि ‘सार्वजनिक शौचालय वापरण्याजोगं आहे, असं महापालिका कुणाला लिहून देते?’ असं विचारलं. पलीकडून उत्तर आलं, ‘पुढचे या.’

पक्षाच्या उमेदवारांचे हाल याहून वाईट होते. पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या एबी फॉर्मसाठी लोक शेवटच्या रात्रीपर्यंत नेत्यांच्या दारात बसून होते. पुण्यात तर एकाने आपल्याच पक्षातल्या दुसऱ्याचा एबी फॉर्म फाडून गिळल्याची बातमी आली. काका अपक्ष असल्याने त्यांच्याकडे खाण्यासारखं काही नव्हतं.

खरी पंचाईत प्रभागाने केली. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक असतो. बाकी ठिकाणी बहुतेक प्रभाग चार जणांचे आहेत. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक आहेत, म्हणजे एका प्रभागात तर पाच. एवढ्या प्रभागात तालुक्याचं गाव आरामात मावतं. काका पहिल्याच दिवशी आपली गल्ली ओलांडून गेले, तर तिथे त्यांना कुणी ओळखेना. त्यांनी पत्रक पुढे केलं, ‘झाकण रस्त्याच्या पातळीला आणू!’ एक आजी म्हणाल्या, ‘तुमच्याकडे झाकण आहे?’ त्यांच्या दारातल्या उघड्या चेंबरमध्ये गुलमोहराची फांदी खोचलेली होती, फांदीला लाल चिंधी बांधलेली होती. त्या गल्लीत काका श्रीमंतांचे उमेदवार ठरले.

इकडे मतदारही तयारीत होते. हळदी-कुंकवाचं वाण, खेळ पैठणीचा, देवदर्शनाच्या बसगाड्या हे सगळं जुनं झालं. यंदा पुण्यातून सोडतीत जमिनीचा तुकडा, मोटार, जोडप्याला थायलंडची सहल अशा आश्वासनांच्या बातम्या येत होत्या. निवडणूक कार्यालयाच्या दरपत्रकात चहाचा दर असतो, वडापावचा असतो, खुर्चीच्या भाड्याचा असतो. थायलंडचा नसतो. त्यामुळे मुंबई, पुणे, नागपुरात १५ लाखांच्या खर्चमर्यादेत थायलंड नेमकं कुठे बसतं, हे ज्याला समजलं तो पुढे स्थायी समितीत जातो.

काका शेजारच्या मोठ्या सोसायटीत गेले, तेव्हा अध्यक्षांनी त्यांना चहा पाजला आणि थेट विचारलं, ‘चार विंग आहेत. बाहेरून रंग कोण देणार? तुमच्या आधीचे सीसीटीव्ही देतो म्हणून गेलेत.’ काका म्हणाले, ‘मी झाकण वर आणीन.’ अध्यक्ष हळहळले. ‘झाकण रस्त्यावर आहे हो, आमच्या आवारात नाही.’ एरवी हेच अध्यक्ष ‘राजकारण फार खालच्या पातळीला गेलं’ असं म्हणत असतात. झाकणाला मात्र तेवढी सहानुभूती मिळाली नाही.

शेवटच्या आठवड्यात मोठ्या नेत्यांच्या सभा झाल्या. त्यांत इतिहास आला, दिल्ली आली, कुणाचा बाप कोण हे आलं. काकांनी व्यासपीठावर चिठ्ठी पाठवली, ‘पाण्याची वेळ आणि झाकण यांवर बोलावे.’ नेत्यांनी चिठ्ठी वाचली आणि गर्दीला उद्देशून म्हणाले, ‘विरोधकांनी पाठवलेली माणसं सभेत घुसली आहेत, सावध राहा!’ टाळ्या पडल्या. काकांनीही वाजवल्या, आजूबाजूचे लोक बघत होते.

मतदानाला चार जागांचे चार रंग होते, पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा. चारही बटणं दाबल्याशिवाय यंत्र काही ओरडत नाही. लोकांनी भराभर एकाच चिन्हाची चार बटणं दाबली. काकांना मत देणार होतो, असं गल्लीतल्या बऱ्याच जणांनी नंतर सांगितलं, ‘पण मागे रांग होती ना.’ काकांची अनामत गेली.

काका खचले नाहीत. निवडून आलेल्या चौघांकडे ते अर्ज घेऊन गेले. ‘अ’ जागेवरच्या ताईंचा फोन त्यांच्या यजमानांनी उचलला. निम्म्या जागा महिलांना राखीव असल्याने फोन उचलण्याचं निम्मं काम यजमानांकडे आलं आहे. ते म्हणाले, ‘तो भाग ब मध्ये येतो.’ ‘ब’ म्हणाले, ‘क.’ ‘क’ ताईंचे यजमान म्हणाले, ‘ड दादांना भेटा, तुमच्या बाजूचे तेच.’ अ, ब, क, ड ही आरक्षणाची अक्षरं आहेत, प्रभागाच्या चार फाळण्या नव्हेत, चौघंही अख्ख्या प्रभागाचे, हे काकांनी त्यांना कायद्याची प्रत दाखवून सांगितलं. ‘ड’ दादांनी प्रत उलटून पाहिली आणि मागे कोण आहे, असं विचारलं.

अखेर काम मंजूर झालं म्हणतात. कारण काम सुरू व्हायच्या आधी फलक आला आहे. त्यावर चौघांचे फोटो आहेत, वर नेत्यांचे सात आहेत, आणि कुणाचं नाव आधी यावरून तूर्त उद्घाटन थांबलं आहे. फलक चांगला जाड लोखंडी आहे. तो उभा करण्याऐवजी झाकणावर आडवा टाकला तर बरोबर रस्त्याच्या पातळीला येतो, हे काकांनी टेप लावून मोजलं असून, तसा लेखी अर्ज त्यांनी चार प्रतींत दिला आहे.